कर्जाचं कारण : सायकल

दुपारची वेळ आहे. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी भांडी आवरून जरा पाठ टेकली असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडं ठेवा. मी तुमच्यातलीच एक. लग्न होऊन लोहारा तालुक्यातल्या एका गावात आले, बी.ए. झाले आणि सध्या चार गावांतल्या अकरा बचत गटांचं काम बघते.

रेडिओच्या ताई म्हणाल्या, सायकल, परसबाग आणि साधा स्वयंपाक यावर बोला. मी म्हटलं, तीन विषय एकदम कसे बोलू? घरी जाऊन विचार केला तेव्हा ध्यानात आलं की माझ्या घरात हे तिन्ही एकाच्या मागं एक आले. सायकल आली म्हणून दम लागला. दम लागला म्हणून रक्त तपासलं. रक्त कमी निघालं म्हणून परसात भाजी आली, आणि भाजी आली तसा स्वयंपाक बदलला. तर त्याच ओळीनं सांगते. पण सुरुवात माझ्या चुकीपासून करावी लागते.

२०१९ सालची गोष्ट. आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत एका वहिनींनी कर्ज मागितलं, चार हजार रुपये. कारण विचारलं तर म्हणाल्या, "सायकल घ्यायची हाय." सगळ्या हसल्या. एक जण म्हणाली, "आता म्हातारपणी शाळंत जाती का काय?" वहिनींचं वय तेव्हा चाळीसच्या आसपास. दुसऱ्याच्या रानात मजुरी करायची आणि मधल्या दिवसांत भाजी विकायची, असं त्यांचं चालायचं. मला हसू आलं नाही, पण मी त्याहून वाईट केलं. मी नियम काढला. शेळी, शिलाई मशीन, खत-बियाणं, दवाखाना, शाळेची फी यासाठी कर्ज द्यायचं असं आमचं ठरलेलं. सायकलीतून उत्पन्न कसं दाखवणार? मी माझ्या हातानं कार्यवृत्तात लिहिलं, 'कारण अनुत्पादक, मागणी नामंजूर.' सगळ्यांच्या सह्या झाल्या. वहिनींनीही सही केली. सही कशी करायची हे त्यांना मीच शिकवलं होतं.

वहिनींनी सायकल घेतलीच. पैसे सावकाराकडून उचलले, शेकडा पाच रुपये महिना. आता हिशोब करा, कारण हिशोब हे आपलं कामच आहे. चार हजारांना दर महिन्याला दोनशे रुपये व्याज. मुद्दल एकदम द्यायचं अशी अट. त्यांनी दहा महिन्यांनी फेडलं, म्हणजे २,००० रुपये नुसतं व्याज गेलं. गटाकडून घेतलं असतं तर आमचा दर शेकडा दोन, दर महिन्याला चारशे मुद्दल कमी होत जाणार. दहा हप्त्यांत एकूण व्याज ४४० रुपये. म्हणजे माझ्या एका ओळीनं त्या बाईचे १,५६० रुपये सावकाराच्या घरात गेले. तेही त्या काळात, जेव्हा बाईची मजुरी दिवसाला दोनशेच्या आतबाहेर होती. हा हिशोब मी त्या वेळी केला नाही. पुढं दोन वर्षांनी केला.

आता आमच्या गावाची रचना सांगते, म्हणजे सायकल का लागते ते कळेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्यापैकी किती तरी जणींनी तो अंगावर घेतला आहे. ज्या गावांचं काही उरलं नाही ती गावं उठवून दुसऱ्या जागी बसवली. आमचं गाव त्यातलंच. जुन्या गावात घराला घर लागून, गल्ली इतकी अरुंद की बैलगाडी आली तर माणसानं ओट्यावर चढायचं. नव्या गावात सरळ आखलेले रुंद रस्ते, घरापासून घर लांब, आणि जमिनीच्या मानानं अडीचशे, चारशे नाहीतर साडेसातशे चौरस फुटांचं बांधकाम. भोवती मोकळी जागा. भिंत पडली तर दुसऱ्याच्या अंगावर पडू नये म्हणून हे बरंच झालं. पण रानं जुन्या गावापाशीच राहिली. शेजारणीकडं विरजण मागायला जायचं तरी रस्ता ओलांडायचा. गावातल्या गावात बाईची पायपीट वाढली, ती कुठल्या कागदात आली नाही.

त्यात माझं काम चार गावांत. सगळ्यात लांबचं गाव सात किलोमीटर. टमटमला एका वेळचे वीस रुपये, आणि टमटम भरेपर्यंत सुटत नाही. दहाच्या बैठकीला मी साडेअकराला पोचायची. महिन्याला सात-आठशे रुपये मानधनातून टमटमलाच जायचे. घरात म्हणायचे, "पगार आणतीस का टमटमवाल्याला नेऊन देतीस?" खोटं नव्हतं.

२०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. टमटमवाल्यांनी वीसचे तीस केले. एक दिवस मी फाट्यावर दोन तास उभी. पिशवीत गटाची वही, वसुलीचे पैसे, आणि ऊन डोक्यावर. तेवढ्यात समोरून वहिनी आल्या. सायकलीला मागं भाजीची रिकामी पाटी बांधलेली. दोन गावांत भाजी विकून निघाल्या होत्या. थांबल्या. पाटी सोडून हँडलला अडकवली आणि म्हणाल्या, "बसा मागं, ताई."

मी बसले. पिशवी मांडीवर घेतली. त्या पिशवीत कोणती वही होती ते तुम्हाला कळलंच असेल. साडेचार किलोमीटर त्या बाईनं मला डबलसीट नेलं. चढाला खाली उतरून दोघी चाललो, उताराला परत बसलो. वाटेत त्या भाजीच्या भावाबद्दल बोलल्या, लेकाच्या दहावीबद्दल बोलल्या, कर्जाबद्दल एक अक्षर काढलं नाही. मला वाटत होतं त्यांनी काढावं.

त्याच रात्री मी तो २,००० आणि ४४० चा हिशोब केला.

पुढच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं की माझं चुकलं. सोपं नव्हतं हे. आपण समन्वयक म्हणून गेलो की बायका आपला शब्द धरतात, आणि मग आपणच शब्द मागं घेतला तर दुसरी म्हणते, "मग माझी शेळीची मागणी नामंजूर केली, ती बी चूकच की." तसं झालंही. त्या दिवशी बैठक तीन तास चालली. शेवटी गटानं ठरवलं की सायकलीसाठी कर्ज द्यायचं, पण सायकल आणि पावती गटाला दाखवायची.

मी कॉलेजात असताना पी. साईनाथ यांचं 'दुष्काळ आवडे सर्वांना' हे पुस्तक वाचलं होतं. त्यात तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची हकिकत आहे. १९९१ च्या सुमाराला तिथं साक्षरतेच्या मोहिमेत बायकांना अक्षराबरोबर सायकलही शिकवली. शीला राणी चुंकत नावाच्या बाई तिथं जिल्हाधिकारी होत्या, त्यांनी बँकांच्या मागं लागून बायकांना सायकलीसाठी कर्ज द्यायला लावलं. लेडीज सायकली कमी पडल्या तर बायकांनी पुरुषी सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच आवडल्या, कारण मधल्या दांडीवर लेकरू बसवता येतं. हे सगळं मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही असेल. आणि माझ्याच गावातली बाई चार हजार मागायला आली तेव्हा मला त्यातलं काही आठवलं नाही. बी.ए.चा असा उपयोग.

बरं, आता माझ्या शिकण्याचं. माझी पुतणी शिकायला लातूरला गेली, तिला शाळेत असताना सरकारी योजनेतून मिळालेली सायकल मागच्या भिंतीला गंजत उभी होती. टायर-ट्यूब बदलली, चेनला तेल दिलं, ब्रेकचे रबर टाकले, साडेआठशे रुपये लागले. वय तेहेतीस. लहानपणी भावाच्या सायकलीला हात लावला तर मार मिळायचा, त्यामुळं काहीच येत नव्हतं. सुट्टीला आलेली पुतणी माझी मास्तर झाली. पहाटे साडेपाचला, कुणी उठायच्या आत. नव्या गावचे सरळ रुंद रस्ते तेव्हा पहिल्यांदा मला आवडले.

ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी सांगते. सीट इतकी खाली घ्या की बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पहिले दोन-तीन दिवस पेडलवर पाय ठेवूच नका. हलक्या उतारावर सायकल सोडायची, पाय अधांतरी ठेवायचे, तोल जाईल तिकडं टेकवायचे. तोल आला की पेडल आपोआप जमतं. मागून कुणी कॅरिअर धरून पळायचं ही पद्धत मला पटत नाही. धरणारी दमते आणि बसणारीचं सगळं ध्यान मागं. नजर पुढं लांब ठेवायची, चाकाकडं बघितलं की पडलंच. साडीचं म्हणाल तर पदर कमरेला घट्ट खोवायचा, निऱ्या थोड्या वर, आणि मागच्या चाकाला जाळी व चेनला झाकण बसवून घ्यायचंच. त्याला पैसे वाचवू नका. माझी एक साडी चेनमध्ये गेली आणि मी ओढ्याच्या पुलावर आडवी. गुडघा फुटला, दोन बैलगाड्या थांबल्या, आणि गावभर बातमी माझ्याआधी पोचली.

घरी मालक काही बोलले नाहीत, त्यांना टमटमचे पैसे दिसत होते. मामंजी म्हणाले, "आता हेच बघायचं राहिलं होतं." आत्याबाई काहीच म्हणाल्या नाहीत, गुडघ्याला हळद लावली.

सायकल आली खरी, पण एक अडचण निघाली. आमच्या गावाच्या अलीकडं एक चढ आहे. चढ कसला, उंचवटाच. वहिनी माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठ्या, त्या बोलत बोलत चढायच्या. मला निम्म्यात धाप लागायची, डोळ्यापुढं अंधारी यायची. मला वाटायचं, सवय नाही म्हणून. महिनाभरानं तसंच. मग आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४. गरोदर नसलेल्या बाईचं बाराच्या खाली गेलं की रक्त कमी, असं धरतात. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस कशा काम करत होता?" आता याला काय उत्तर द्यायचं? टमटममध्ये बसून जात होते आणि दमणं हे बाईचं असतंच, असं धरून चालले होते.

हे माझं एकटीचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या चोपन्न बायकांना रक्ताची कमतरता निघाली. म्हणजे आपल्या दहाजणींच्या गटात पाच-सहा जणी. मी नंतर एका गटात सगळ्यांना तपासायला घेऊन गेले, आकडा जवळपास तसाच आला.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. आणि विचारलं, जेवणात काय असतं? मी म्हटलं, भाजी-भाकरी. ते म्हणाले, "घरात केलेली भाजी सांगू नका. तुमच्या ताटात काय असतं ते सांगा." मैत्रिणींनो, मी गप्प बसले. आमच्यात आधी मामंजी, मग हे, मग पोरं, मग आत्याबाई, शेवटी मी. माझ्यापर्यंत येईस्तोवर कढईत तळाला रस्सा. मग भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि वर लगेच चहा. चटणी वाईट नाही, आपल्या भागाची ती शानच आहे. पण दोन्ही वेळेला तेच, आणि चहानं अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. जेवणानंतर तासभर तरी चहा घ्यायचा नाही, एवढं एक बदललं तरी फरक पडतो. मला ते सगळ्यात जड गेलं, सायकलीपेक्षा.

भाजी विकत आणायची तर आठवड्याच्या बाजारातून आणलेली पालेभाजी दोन दिवसांत सुकते. मग परसाकडं ध्यान गेलं. घरामागं वीस-बावीस फूट मोकळी जागा, तिथं तुराट्या, मोडकी बाज आणि कोंबड्या. खाली सगळा मुरूम. भूकंपानंतर गाव बसवायला पडीक माळ घेतला, तिथं काळी माती कुठली? फूटभर उकरून मुरूम बाजूला काढला आणि रानातून तीन बैलगाड्या माती, एक गाडी शेणखत आणून भरलं. हे काम मालकांनी केलं, उगीच माझ्या नावावर घेणार नाही.

आपल्या प्रशिक्षणात गोल परसबाग शिकवतात, सात वाफे सात दिवसांचे, मध्ये उभं राहून सगळीकडं हात पोचतो. दिसायला फार छान, फोटोत तर आणखी छान. ज्यांच्याकडं ऐसपैस जागा आहे त्यांनी जरूर करावी. माझी जागा लांबट, म्हणून मी सरळ चार वाफे केले, मधून पाय ठेवायला वाट. गोलच पाहिजे असा काही नेम नाही. वाफा इतकाच रुंद करा की दोन्हीकडून हात मध्यापर्यंत गेला पाहिजे, आत पाय पडायला नको.

पहिलं वर्ष वाया गेलं म्हटलं तरी चालेल. मेथीचं अख्खं पाकीट एकदम टाकलं. महिन्याभरानं सगळी एकदम आली, आठ दिवस सकाळ-संध्याकाळ मेथी, पोरं रडायला आली, आणि नंतर महिनाभर काहीच नाही. आता हातभर रुंदीचा पट्टा टाकते, आठ दिवसांनी पुढचा पट्टा. धणे अख्खे टाकले तर उगवायला रुसतात, चपलेनं हलकेच रगडून दोन दाळी करायच्या. टोमॅटो जळाले. आणि मोठी चूक म्हणजे न्हाणीचं साबणाचं पाणी थेट पालकाला सोडलं, पानं पिवळी पडून गेला बिचारा.

पाण्याचं सांगायलाच पाहिजे, कारण आपल्याकडं उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवसांनी येतो, आणि तेव्हा परसबाग म्हटलं की सासू म्हणते, "प्यायला नाही आणि म्हणं भाजीला." आमच्या घरात माणशी एक बादली धरली तरी रोज सत्तर-पंचाहत्तर लिटर पाणी न्हाणीतून वाहून जातं. ते पाणी एका खड्ड्यात घेतलं. खड्ड्यात खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू. कडेला कर्दळ, अळू आणि दोन केळी. साबणाचं पाणी त्यांना चालतं. भाज्या-डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मात्र वेगळ्या बादलीत, ते पालेभाजीला. वाफ्यावर तुरीचा भुसा, वाळका पाला अंथरला की ओल धरून राहते. मे महिन्यात मी हट्ट करत नाही. शेवगा, कढीपत्ता आणि सावलीत थोडा तांदुळजा, बाकी वाफे उघडे पडू देते.

शेवगा नसेल तर आधी तो लावा. अंगठ्याहून जाड, तीन-चार फूट लांब फांदी मृगात रोवायची, वरच्या टोकाला शेण लिंपायचं म्हणजे वाळत नाही. शेंगांची वाट बघायची गरज नाही, पालाच खायचा. दोडका, कारलं, भेंडी, गवार मृगात. मेथी, पालक, मुळा दसऱ्याच्या पुढं-मागं. गवारीवर, वालावर मावा पडला की पहाटे दव असताना चुलीतली राख चाळून भुरभुरायची. नाहीच हटला तर निंबोळ्या, लिटरभर पाण्याला मूठभर, ठेचून रात्रभर भिजवायच्या आणि गाळून फवारायच्या.

एक दिवस मी वाफे खुरपत होते. आत्याबाई दारात बसून बघत होत्या. म्हणाल्या, "घोळ उपटून फेकतीस आणि पालक इकत आणून पेरतीस." मी बघितलं तर खरंच, खुरपून टाकलेल्या ढिगात निम्मी घोळ होती. आमच्या गटातल्या किती जणींना आता घोळ, पाथरी, तांदुळजा ओळखता येतो? वेळ अमावास्येला भज्जी करायची म्हणजे रानातून काय काय आणायच्या म्हाताऱ्या! आता आपण बाजारातून वाटाणे आणतो.

त्या दिवसानंतर आत्याबाई परसात यायला लागल्या. नव्या गावात आल्यापासून त्यांनी कधी काही लावलं नव्हतं. तुळससुद्धा जाऊबाईंनी लावलेली. जुन्या गावात त्यांच्या घरामागं कढीपत्त्याचं झाड होतं, असं एकदा बोलता बोलता म्हणाल्या. जुन्या गावठाणात आता वेड्या बाभळी आणि दगडांचे ढीग. मी रानात जाताना सायकल तिकडं वळवली. खूप शोधलं. त्यांनी सांगितलेल्या आडाच्या खुणेवरून एका ढिगामागं कढीपत्ता सापडला, मूळ झाड वाळलेलं, पण भोवती मुळांतून फुटलेली चांगली दहा-बारा रोपं. एक रोप मुळासकट काढून ओल्या फडक्यात गुंडाळून कॅरिअरला बांधून आणलं. आत्याबाईंनी हातात घेतलं, पान चुरगाळून वास घेतला आणि खड्डा कुठं घ्यायचा ते बोटानं दाखवलं. त्या घरात त्यांची दोन माणसं गेली. त्यावर त्या बोलत नाहीत, मीही विचारत नाही. झाड आता माझ्या खांद्याला लागतं.

बियाण्याचं थोडक्यात. पाकिटातलं संकरित बी दर वर्षी विकत घ्यावं लागतं. गावरान दोडका, भोपळा, वाल यांचं बी आपण धरू शकतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी हेच केलं, शाळेत न जाता. वेलावरचं पहिलं चांगलं फळ खायचं नाही, बियाला ठेवायचं. बी वाळवून राखेत घोळून मडक्यात. आत्याबाईंना हे माहीत होतं, मी विचारलं नव्हतं, इतकंच.

आता स्वयंपाक. मी सकाळी नऊला सायकल काढते, तेव्हा माझ्याकडं वाटण-घाटण करायला वेळ नाही. आपल्या मराठवाड्यात येसर आहे, त्याच्यासारखी सोय नाही. गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, जिरं, सुकं खोबरं, मिरच्या, मसाला, सगळं वेगवेगळं खमंग भाजून दळून ठेवायचं. एकदा केलं की महिना जातो. लोखंडी कढईत लसणाची फोडणी, त्यात धुऊन ओरबाडलेला शेवग्याचा पाला दोन मुठी, थोडा परतला की पाणी, उकळी आली की पाण्यात कालवलेला दोन चमचे येसर. पंधरा मिनिटांत आमटी. खाली उतरवून लिंबू पिळायचं. लिंबानं पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. आमटी लोखंडी कढईत रात्रभर ठेवू नका, काळी पडते आणि चव जाते. पालेभाजी आधी धुवायची, मग चिरायची. चिरून धुतली की कस पाण्याबरोबर जातो. उकडून पाणी फेकून देणाऱ्यांना तर मी काय बोलू! भाकरीच्या पिठात तांदुळजा, मेथी घालून धपाटे केले की पोरं डब्यात नेतात. थंडीत आठवड्यातून दोनदा हुलग्याचं माडगं. झालं.

आणि एक वाटी. भाजी कढईतून उतरली की पहिली वाटी माझी, झाकून बाजूला. पंगत बसायच्या आधी. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सुरू केलं. पहिल्या दिवशी मला चोरी केल्यासारखं वाटलं, खरं सांगते. मामंजी म्हणाले, "ही कुणाची वाटी?" मी गप्प. आत्याबाई म्हणाल्या, "तिची हाय. आणि ही माझी." त्यांनीही दुसरी वाटी काढून ठेवली होती. सत्तरीच्या घरातल्या बाईनं पहिल्यांदा.

तीन महिन्यांनी माझं हिमोग्लोबिन १०.६ झालं, आता ११.८ आहे. बारा अजून नाही. आणि कुणी असं समजू नका की शेवगा खाल्ला आणि रक्त वाढलं. गोळ्यांनी वाढलं. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, पोट जड होतं, म्हणून बायका त्या मडक्यामागं ठेवून देतात. मीही आठ दिवस ठेवल्या होत्या. रात्री जेवणानंतर घ्यायला लागले तसं सोसलं. तुम्हाला कशा घ्यायच्या ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. भाजीचं काम वाढलेलं टिकवायचं.

सायकलीच्या कर्जाचं काय झालं तेही सांगते, सगळं गोडगोड सांगून उपयोग नाही. आमच्या अकरा गटांत मिळून नऊ जणींनी सायकलीसाठी कर्ज घेतलं. सहा जणी रोज चालवतात. एक पडली, हात मोडला, आता तिची लेक चालवते. एकीनं विकून शेळी घेतली, तिचा निर्णय. आणि एकीची सायकल तिचा नवरा घेऊन जातो, संध्याकाळी कुठं जातो ते तुम्हाला सांगायला नको. हप्ता मात्र ती भरते, पायी येऊन. बैठकीत हा विषय दोनदा निघाला. सायकलीला कुलूप लावून किल्ली गटाकडं ठेवायची, असं कुणी म्हणालं. ती नको म्हणाली, घरी भांडण होईल. आम्हाला अजून त्यावर मार्ग सापडलेला नाही. तुमच्या गटात कुणी काढला असेल तर रेडिओवर पत्र पाठवून जरूर कळवा, मला ते हवं आहे.

वहिनी आता सायकलीवर पंक्चरही काढतात. घमेल्यात पाणी, ट्यूब दाबून बुडबुडे कुठं येतात ते बघायचं, घासायचं, सोल्युशन, पॅच. पंक्चरचे पैसे गटातल्या बायकांकडून घेत नाहीत. माझ्याकडून घेतात. मी कारण विचारलेलं नाही.

माझी वेळ होत आली. गावरान दोडका आणि वालाच्या बियांच्या पुड्या बांधून ठेवल्या आहेत, आमच्या चार गावांतल्या बायकांनी गुरुवारच्या बैठकीत घेऊन जाव्यात. एकीला एकच पुडी, आणि पीक आलं की दोन पुड्या परत. ज्यांना सायकल शिकायचीय त्यांनी रविवारी पहाटे साडेपाचला शाळेमागच्या उतारावर या. चप्पल नको, मागं पट्टा असलेली सँडल घाला, आणि पदराला एक मोठी पिन.